चुका किलोवर मिळतात

मूल इंग्रजी शाळेत आहे आणि 'नेल इडियम्स'चा, म्हणजे 'नेल' शब्द असलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा, चार्ट अजून घरी आलेला नाही, तर आत्ताच तयारीला लागा. येणार आहेच, आणि येणार तो रविवारी रात्री, हार्डवेअरवाल्यानं शटर ओढल्यावर. आमच्याकडे गेल्या आठवड्यात आला. म्हणून हे अनुभवाचे चार शब्द.

चार्टपेपर आकाशीच घ्या. का, ते विचारू नका.

त्यावर खरे खिळे चिकटवायचे असतात. दुकानात जाऊन "दादा, अर्ध्या इंचाच्या चुका द्या" म्हणा. सोबत आलेली मुलगी दचकेल, कारण बारीक खिळ्याला आपल्याकडे चूक म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिला समजवा की बाजारात चुका किलोवर विकत घ्याव्या लागतात, शाळेत त्या काढून मिळतात.

अर्थ सांगत बसू नका. 'डेड अ‍ॅज अ डोअरनेल' म्हणजे ठार मेलेला, घोकून घ्या आणि झोपवा. जुन्या दारांत खिळा आरपार ठोकून मागच्या बाजूनं त्याचं टोक वाकवत, मग तो उपटला तरी पुन्हा कामाचा राहत नसे, म्हणून 'मेलेला', असं एक स्पष्टीकरण देतात. हे सांगितलंत तर पोरीला मजा वाटेल, ती घरातली सगळी दारं तपासत फिरेल आणि अभ्यास राहील बाजूला. डिकन्सनं १८४३ साली नाताळच्या गोष्टीच्या सुरुवातीलाच या इडियमची फिरकी घेतली आहे. दाराच्याच खिळ्यात एवढं मेलेलं काय, आपल्याला तर शवपेटीचा खिळा जास्त मेलेला वाटतो, असं तो म्हणतो. पण डिकन्सला मार्क नाहीत. मार्क वर्कशीटला आहेत.

शवपेटीवरून आठवलं. 'शेवटचा खिळा' मराठीत बिनधास्त ठोका. वसई-गोव्याकडच्या वाचकांना पेटी ठाऊक आहे. बाकीच्यांकडे तिरडी सुतळीनं बांधतात, पण अग्रलेखात प्रत्येक पक्षाची शवपेटी तयारच असते.

'टफ अ‍ॅज नेल्स' स्वतःसाठी राखून ठेवा, रात्री अकराला उपयोगी पडेल.

'नेल युअर कलर्स टू द मास्ट'ला काहीच विचार न करता होकार भरा. १७९७ साली कँपरडाउनच्या लढाईत इंग्रज जहाजाची डोलकाठी तुटून निशाण खाली आलं. 'कलर्स' म्हणजे हेच निशाण, आणि ते उतरलं की शरणागती. जॅक क्रॉफर्ड नावाचा खलाशी भर गोळीबारात वर चढला आणि त्यानं ते खिळ्यांनी ठोकून टाकलं. आमच्या वर्कशीटवर या ओळीशेजारी रंगपेटीचं चित्र आहे. बारा रंगांची, ब्रशसकट.

आणि आता 'फाइट टूथ अँड नेल'. इथं सावध राहा. इथं मुलानं चुकूनही डोकं चालवता कामा नये. आमच्या मुलीनं चालवलं. तिनं पाठ वाकवलेली, शेपूट फुगवलेली मांजर काढली, दात दाखवणारी, आणि पंजाची पाचही नखं वेगवेगळी रंगवली. मिसनी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि खाली लिहिलं, 'थीम इज हार्डवेअर. ड्रॉ नेल.' दोन मार्क गेले. अहो मिस, ते नखच आहे! दातांनी आणि नखांनी लढणं. दात विचकून वर हातात खिळा घेऊन धावून येणारा प्राणी तुम्ही कुठल्या जंगलात पाहिलात? त्याच यादीत खाली 'नेल-बायटिंग फिनिश' आहे, तेही हार्डवेअरमध्येच. म्हणजे शेवटच्या षटकात प्रेक्षक काय लोखंड चावत बसतात? बरं, 'पे ऑन द नेल'चा, म्हणजे जागच्या जागी रोख पैसे देण्याचा, घोळ मी समजू शकते. ब्रिस्टलच्या कॉर्न स्ट्रीटवर ब्राँझचे चार बुटके खांब आहेत, वर ताटासारखी तबकडी, त्यांना 'नेल्स'च म्हणतात. व्यापारी त्यावर पैसे मोजून व्यवहार मिटवत. इडियम तिथूनच आला असं तिकडे सांगतात, तर अभ्यासक नखाकडे बोट दाखवतात. इथं घाला ना वाद! मांजरीच्या पंजात कसला वाद आलाय? हातात हातोडाच असला की सगळं खिळ्यासारखं दिसायला लागतं, असं मानसशास्त्रज्ञ मॅस्लो १९६६ सालीच लिहून गेला. तो इडियम वर्कशीटमध्ये नाही. कसा असेल?

आणि तुम्ही काय हसताय? मी हे पालकांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा तुम्हीच लिहिलंत, 'जाऊ द्या हो, दोन मार्कांसाठी कशाला मिसशी वाकडं घ्यायचं.' निम्म्यांचे चार्ट स्टेशनरीवाल्याकडून करून आणलेले होते, एकसारखे, एकाच हातोड्याचा प्रिंटआउट. त्यांना पैकीच्या पैकी. एका मुलीनं शब्द ऐकून त्यामागचं चित्र स्वतः डोळ्यांसमोर आणलं, तेही बरोबर आणलं, आणि वर्गात हसं झालं ते तिचं. भाषा शिकवता की यादी पाठ करून घेता? शब्दकोश उघडायला दोन मिनिटं लागतात, मोबाइलवर त्याहून कमी. मिसनी उघडला नाही, सुपरवायझरनी उघडला नाही, आणि फी भरून गप्प बसलेल्या तुम्हीही उघडला नाहीत. शनिवारी पेरेंट्स मीटिंग आहे. हॉलमध्ये बसून मोबाइल बघत बसू नका, तोंड उघडा. मांजर बरोबर आहे. दोन मार्क परत द्या म्हणावं.