मदतीला नाव लावलं म्हणजे धंदा झाला का? निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, तेव्हाच लिहिलं असतं तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं, म्हणून सकाळी लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या सीएनसीवाल्यांच्या (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं चालवणाऱ्यांच्या) टेलिग्राम ग्रुपात महिनाभर जास्त मदत केलेल्या तिघांची नावं मी जाहीर करतो, उत्तरांना पडलेले 👍 अंगठे मोजून. त्यावर या निपाणीच्या वाचकाचं म्हणणं, अंगठे मोजले की सोपं आणि पटकन उत्तर देणाराच पुढं जातो, नावं सगळी बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातलीच असतात, आणि शेवटी हे वाक्य: "खऱ्या मदतीला नाव लागत नाही, नाव लावलं की धंदा सुरू."

उद्यमबागचं मान्य. जूनच्या यादीत मच्छे नाही, खानापूर नाही, ते माझं चुकलंच.

पण धंदा? शब्द टाकताना जरा विचार करायचा की हो! एक रुपया कोण देतंय इथं कुणाला? ज्याला तुम्ही धंदेवाला म्हणलात तो सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला घरी येतो, एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं चिकोडीच्या पोराला कन्नडमध्ये टाईप करतो की जी-४१ (टूलच्या त्रिज्येचा फरक भरून काढणारा कोड) गोल कटच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळीत, चालू करू नको, आधी सरळ लाईनमध्ये घे, आणि तेच परत मराठीत लिहितो, कारण ग्रुपात दोन्हीकडची पोरं आहेत. सकाळी सहाला त्याची बायको पाणी भरायला उठते तेव्हा हा नुकता झोपलेला असतो. मी त्याचं नाव ग्रुपात घेतलं तर तुमच्या पोटात का दुखावं?

माझं सांगतो. २०१४ ला मी नाईट शिफ्टला ऑपरेटर होतो. स्क्रीनच्या खाली "बॅट", म्हणजे मेमरीची बॅटरी संपत आलीय, असं ब्लिंक होत होतं, मी शहाणपणा करून मशीन बंद केलं आणि सेल काढला. सेल मशीन चालू ठेवूनच बदलायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नवा सेल घेऊन माणूस तासाभरानं आला तोवर मेमरी साफ, चालू केलं तर अलार्मवर अलार्म. मालकानं फोनवरच पगारातून कापतो म्हणून दम दिला. एका ग्रुपात फोटो टाकला आणि हुबळीकडच्या एका अनोळखी माणसानं फोन केला. "कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला बघ, पॅरामीटरची शीट असेल." म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या आकड्यांचा कागद. होता, तेलानं पिवळा पडलेला. "पॅरामीटर राईट १ कर (म्हणजे आकडे बदलायची परवानगी चालू कर), शंभर नंबरचा अलार्म येणार, घाबरू नको, तो यायलाच पाहिजे." पहाटे तीनपर्यंत तो एकेक आकडा माझ्याकडनं वाचून घेत होता. तो फोन गेला, तो ग्रुप गेला, नाव मी तेव्हा विचारलंच नव्हतं. डीपीला सौंदत्तीची यल्लम्मा होती एवढंच आठवतंय. दहा वर्षं झाली, शोधून सापडला नाही. तुमच्या हिशेबात ती खरी मदत, नाव नसलेली. मला विचाराल तर ते माझ्यावरचं कर्ज आहे आणि फेडायला माणूसच सापडत नाही.

आणि हे काय मी काढलेलं खूळ नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९३ ला एमव्हीपी हा मान सुरू केला तो कॉम्प्युसर्व्ह या तेव्हाच्या ऑनलाईन सेवेवर लोकांच्या अडचणी फुकट सोडवणाऱ्यांसाठीच, आणि तो मान वर्षापुरता असतो, पुढच्या वर्षी काम परत बघतात. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साईट २००८ ची, तिथं उत्तर आवडलं तर १० पॉइंट, विचारणाऱ्यानं स्वीकारलं तर १५, आणि नापसंतीला २ कापतात. प्रोग्रॅमरांची एवढी दुनिया त्यावर चालली, ती सगळी धंदेवाली का?

अंगठ्यांचा मुद्दा तसा किरकोळ आहे, कुठल्याही मोजणीत थोडं इकडंतिकडं होणारच, त्यावर वाद घालत बसायला मला वेळ नाही.

तुम्ही लिहिलंत की २० वर्षं मदत करतोय, कधी नाव मागितलं नाही. चांगलं आहे. पण मग खानापूरच्या नव्या पोराला रात्री दोनला अलार्म आला तर तुम्हाला शोधायचं कसं, हे तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या कमेंटलासुद्धा नाव नव्हतं.

यादी १ तारखेला येणार. यावेळी एक नाव मच्छेचं आहे, त्याला विचारलंय, तो आधी नको म्हणाला, मग म्हणाला घाला, आईला दाखवतो.