वर्गात निळी नळी लावण्याआधी

विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सोबत रिकाम्या वर्गाचा निळसर फोटो. मजकूर थोडक्यात असा: विशेष मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून वर्गात अतिनील जंतुनाशक दिवे लावा. हॉस्पिटलात वापरतात तेच हे तंत्रज्ञान. पाच मिनिटांत ९९.९ टक्के जंतू मरतात. सेन्सर असल्यामुळे मुलांना धोका नाही. अमेरिकेतल्या शाळांत हे सिद्ध झालंय. रोजची पुसापुशी संपते. शेवटी, वर्गणी काढून आपल्या शाळेला भेट द्या.

आमच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला तोवर पाच-सहा जणांनी पैसे पाठवलेही होते. मी रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करतो, त्यात हे दिवेही येतात. माझी अकरा वर्षांची लेक विशेष शाळेत जाते, आणि ती बोलत नाही. तेव्हा गप्प बसणं जमलं नाही.

‘विशेष मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते.’ सगळ्यांची नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना छातीचे संसर्ग जास्त होतात, हे खरं. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना नीट खोकता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो, मग न्यूमोनिया होतो. पण स्वमग्न मुलाला सारखी सर्दी होत असेल तर आधी वर्गात जाऊन बसा. एकाच्या तोंडातला ठोकळा दुसऱ्याच्या तोंडात जातो. लाळ पुसायचा रुमाल अदलाबदल होतो. डायपर बदलायची गादी एकच असते. ताई एकाला भरवून तशाच दुसऱ्याकडे वळतात, कारण सोळा मुलांमागे त्या एकट्या असतात. आजार या वाटांनी येतो, आणि यातल्या एकाही वाटेवर छतावरचा दिवा उभा नाही.

‘हॉस्पिटलात वापरतात तेच तंत्रज्ञान.’ अगदी बरोबर. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या यूव्ही (म्हणजे अतिनील) फिल्टरमध्येही बहुधा याच दिव्याची नळी असते, २५४ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचे किरण सोडणारी. पण तिथे ती धातूच्या नळकांड्यात बंद असते, आणि ऑपरेशन थिएटरात खोली रिकामी करून, दाराला कडी घालून लावतात. डीआरडीओने २०२० मध्ये ‘यूव्ही ब्लास्टर’ काढला, तो बारा बाय बारा फुटांच्या खोलीला दहा मिनिटं घेतो आणि कोणी आत शिरलं की बंद पडतो. संसदेत २०२२ मध्ये सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेची यंत्रणा बसली, ती हवा वाहून नेणाऱ्या डक्टच्या आत. सगळीकडे काळजी एकच, की किरण माणसावर पडू नयेत. मेसेजमधल्या फोटोत नळी उघडी आहे, बाकांच्या बरोबर वर.

आता मुख्य मुद्दा. ‘मुलांना धोका नाही.’

तीस वॅटच्या उघड्या नळीपासून एक मीटरवर साधारण १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर इतकी अतिनील ऊर्जा पडते, म्हणजे दर सेकंदाला ०.१ मिलीज्यूल. डोळ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे आठ तासांत मिळून तेवढ्याच जागेवर ६ मिलीज्यूल. भागाकार करा. दिवसभराचा कोटा एका मिनिटात संपतो.

संपल्यावर काय होतं ते एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही विचारा. वेल्डिंग बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, तेच हे. एका रुग्णालयात वॉर्डबॉय ट्रॉली आणायला म्हणून दिवा चालू असताना आत गेला आणि तिथेच फोनवर बोलत राहिला. दहा मिनिटं असतील. त्या वेळी त्याला काहीच जाणवलं नाही. रात्री दोनला घरच्यांनी त्याला धरून कॅज्युअल्टीत आणलं, डोळे उघडेनात. बुबुळावरच्या नाजूक थराला झालेली ही इजा बहुतेकदा सहा ते बारा तासांनी कळते. एक-दोन दिवसांत भरूनही येते, पण ते तास वाईट असतात.

तो निदान ‘डोळे जळतायत’ म्हणू शकला. माझ्या लेकीचं काय? ती शाळेतून चारला येते. रात्री दहाला रडायला लागेल, डोक्यावर हात मारेल, दिवा लावला की किंचाळेल. आम्ही म्हणू, आज हिचं बिनसलंय. कोणी म्हणेल दात दुखतोय, कोणी म्हणेल औषधाचा डोस चुकला. वर्गातल्या दिव्याचं नाव कोणाच्या ओठांवर येणार नाही, कारण सकाळी ती हसत होती. शिवाय तिला दिव्यांकडे एकटक बघायला आवडतं, तिच्यासारख्या बऱ्याच मुलांना आवडतं. इतर मुलं फार उजेड आला की मान वळवतात, ही मान वर करते.

चीनमध्ये शाळा-बालवाड्यांत असे दिवे आहेत, आणि ते चुकून चालू राहून मुलांचे डोळे सुजल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. बटण पंख्याच्या बटणाशेजारीच असेल तर दुसरं काय होणार?

‘पण सेन्सर आहे.’ स्वस्तातला सेन्सर हलणारं उबदार शरीर ओळखतो. शांत पडलेलं शरीर त्याला दिसत नाही. आमच्या शाळेत एक मुलगा दुपारी फिजिओच्या गादीवर पडून असतो, कधीकधी तासभर बोटही हलवत नाही. सेन्सरच्या लेखी तो वर्ग रिकामा. एक मुलगी भीती वाटली की कपाटामागे जाऊन बसते. विशेष शाळेत ‘हालचाल नाही’ याचा अर्थ ‘कोणी नाही’ असा धरता येत नाही.

‘९९.९ टक्के.’ हा आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीचा आहे. हे किरण सरळ रेषेत जातात आणि सावलीत काही करत नाहीत. ठोकळ्याची खालची बाजू, गादीची शिवण, व्हीलचेअरच्या हातामागचा कोपरा, सगळं जसंच्या तसं. वाळलेल्या लाळेचा किंवा खिचडीचा थर असला की त्याखालचे जंतू सुखरूप. नळीवर धूळ बसली की किरण तिथेच अडतात. महिनाभर न पुसलेल्या नळीवरून मी फडकं फिरवलं की ते काळं होतं. त्यात गंमत अशी की आपल्याला दिसतो तो निळा उजेड मारक नसतोच, मारक किरण दिसत नाहीत. म्हणून म्हातारी झालेली नळी निळी दिसत राहते आणि काम जवळपास करत नाही. मीटर लावल्याशिवाय कळत नाही, आणि शाळेत मीटर कोण आणणार? काम करत असली तर वेगळा त्रास: प्लास्टिक पिवळं पडून तडकतं. ज्या लॅमिनेट केलेल्या चित्रांवर बोट ठेवून आमची मुलं पाणी मागतात, त्यांचंही तेच होईल.

काही स्वस्त नळ्यांना उग्र वास येतो आणि विक्रेता सांगतो, वास येतोय म्हणजे काम चालू आहे. तो ओझोन असतो, छातीला त्रास देणारा वायू. दम्याच्या मुलाला त्या खोलीत बसवू नका.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय.’ इथे मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यायला हवं, कारण गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी. विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३७ पासून फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या शाळांत अतिनील दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत दिव्यांच्या वर्गांतली मुलं खरंच कमी आजारी पडली. पण ते दिवे मुलांवर रोखलेले नव्हते. डोक्यावरच्या हवेच्या थरात किरण सोडायचे, खालची हवा वर जाऊन निर्जंतुक होऊन परत यायची. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांत हाच प्रयोग केला तेव्हा तेवढा फायदा दिसला नाही. मुलं एकाच बसमधून येत होती, गोवर बसमध्येच वाटला जात होता. आमच्या मुलांची व्हॅन आठवा, काचा बंद, बारा मुलं, दीड तास.

वरच्या हवेची ही पद्धत आजही चांगली आहे, क्षयरोगाच्या दवाखान्यांत उपयोगी पडते. तिला उंच छत लागतं, झडपांचा खास दिवा लागतो आणि डोळ्यांच्या उंचीवर मोजमाप करून देणारा माणूस लागतो. आमच्या वर्गात कपाटावर चढणारी दोन मुलं आहेत, त्यांच्या डोळ्यांची उंची कुठली धरायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नव्या २२२ नॅनोमीटरच्या दिव्यांचे किरण त्वचेच्या मृत थरापलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून आशा आहे. पण ते महाग आहेत, आणि मेसेजमधल्या लिंकवर स्वस्तात मिळतात ते हे नव्हेत. जांभळ्या ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याला जीवाणू मारायला तास लागतात, विषाणूंवर तो आणखी दुबळा, आणि दिवसभरचा जांभळा उजेड स्वमग्न मुलाला किती सोसेल ते त्याच्या आईला विचारा.

‘पुसापुशीची कटकट संपते.’ ही ओळ लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी उलटी पुसलेली नाही.

पालकसभेत हे सगळं मी असंच सांगितलं. तासभर वाद झाला. एक काका रागावलेही, त्यांनी दिव्याची ऑर्डर देऊन टाकली होती, ती रद्द करावी लागली. जमलेल्या पैशांतून दोन एक्झॉस्ट फॅन बसले. रंगाने चिकटून बसलेल्या तीन खिडक्या सुताराकडून उघडून घेतल्या आणि त्यांना जाळ्या लावल्या. प्रत्येक मुलाच्या नावाची रुमालाची पिशवी आली, डायपरच्या गादीला दोन रेक्झिनच्या खोळी आल्या, आणि वर्गाबाहेर मुलांच्या उंचीवर दोन नळ आले. पहिल्या आठवड्यात माझी लेक नळाजवळून हललीच नाही. साबण दोन दिवसांत संपला, व्हरांड्यात तळं झालं, आणि मावशी माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.