कोडॅक झोपली नव्हती

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. १९९८ साली कॅमेऱ्याचे फिल्म-रोल बनवणाऱ्या कोडॅकमध्ये १ लाख ७० हजार माणसं होती, डिजिटल कॅमेरा शोधलाही त्यांनीच, पण फिल्मच्या मोहापायी तो दडवला आणि काळाबरोबर न बदलल्याने कंपनी बुडाली. ट्रेनिंगमध्ये हाच दाखला देऊन कर्मचाऱ्यांना बदलायला सांगतात, म्हणून त्याची शहानिशा व्हायला हवी.

आकडा चूक आहे. १९८८ साली, म्हणजे अगदी भरात असताना, ही संख्या सुमारे १ लाख ४५ हजार होती. १९९८ पर्यंत ती ८६ हजारांच्या आसपास आली होती.

'दडवला' हेही अर्धसत्य. १९७५ साली स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने जे जुळवलं ते साडेतीन किलोंहून जड होतं. लेन्स मूव्ही कॅमेऱ्याची, सेन्सर १०० बाय १०० पिक्सेलचा. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि तो बघायचा टीव्हीवर. हे तेव्हा विकत कोण घेणार होतं? साहेबलोक हुरळले नाहीत हे खरं, पण १९७८ साली पेटंट मिळालं आणि डिजिटल पेटंटांतून कंपनीने पुढे बक्कळ पैसा कमावला.

'झोपले' म्हणावं, तर १९९१ साली निकॉनच्या बॉडीवर बांधलेला डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा व्यावसायिक कॅमेरा) बाजारात आणला तो कोडॅकने. ॲपलचा १९९४ चा क्विकटेक कॅमेराही त्यांनीच बनवला. २००५ साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिली होती.

मग घोडं अडलं कुठे? पैशांच्या गणितात. रोल, केमिकल, प्रिंटचा कागद... गिऱ्हाईक दर सहलीला, दर लग्नाला परत यायचं. डिजिटल कॅमेरा एकदा घेतला की संपलं, त्यात स्पर्धेमुळे नफा तुटपुंजा, आणि पुढे मोबाईलने तोही कॅमेरा खाल्ला. कितीही लवकर जागं होऊन हे गणित सुटणारं नव्हतं.

फिल्मच्या धंद्यातली स्पर्धक फुजीफिल्म तगली, पण निव्वळ डिजिटल कॅमेऱ्यांच्या जोरावर नव्हे. फिल्मचं रसायनशास्त्र तिने एलसीडी पडद्यांच्या फिल्ममध्ये, औषधांत, अगदी सौंदर्यप्रसाधनांत वापरलं. कोडॅककडेही असे धंदे होते, आणि माझ्या मते खरी चूक इथे झाली. १९८८ साली ५.१ अब्ज डॉलर मोजून घेतलेली स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी १९९४ मध्ये तुकड्यातुकड्यांत विकली. त्याच वर्षी आपली रसायनांची कंपनी, ईस्टमन केमिकल, वेगळी केली, ती आजही चालू आहे. २००७ साली वैद्यकीय इमेजिंगचा विभागही विकला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे सगळे निर्णय संचालक मंडळाचे होते, प्रयोगशाळेतल्या माणसांचे नव्हेत.