इंग्रजांची सपाता आणि आपला वायतुरा

कास पठाराचं कुंपण निघालं त्याला आता काही वर्षं झाली, पण ते परत घालावं का, हा वाद आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सप्टेंबरला नव्यानं फुलतो. गुरं आत येईनात, गवत माजलं, फुलं घटली म्हणून कुंपण काढलं. साताऱ्याचा पुतण्या मात्र हटून बसलाय: "काका, तुमच्या इंग्लंडात एका फुलाला बंदोबस्त असतो! आपल्याकडे सेल्फीवाल्यांना मोकळं रान."

ते फूल म्हणजे लेडीज स्लिपर ऑर्किड. गेल्या जूनमध्ये लँकेशरमधल्या गेट बॅरोज या राखीव निसर्गक्षेत्रात गुडघे टेकून पाहिलं. मरून रंगाच्या पिळदार पाकळ्या आणि मधोमध पिवळीधमक सपाता, एखाद्या बाहुलीनं काढून ठेवावी तशी. हौशी संग्राहकांनी ते इतकं उपटलं की १९१७ मध्ये ब्रिटनमधून नामशेष झालं असंच धरलं गेलं. १९३० साली यॉर्कशरमध्ये एकच रोप सापडलं. जागा गुप्त ठेवली, बहराच्या दिवसांत राखण बसवली, १९७० मध्ये तर खास समितीच नेमली. पुढे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानानं बियांपासून रोपं वाढवली.

गंमत अशी की युरोपापासून सायबेरियापर्यंत हे ऑर्किड आहेच. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ते सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. उलट आपल्या कासवरची पाणवनस्पती वायतुरा महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या काही पठारांपुरताच, जगात इतरत्र कुठेही नाही. लाल यादीत तो 'संकटग्रस्त'. शास्त्रीय नाव मिळालं १९८२ मध्ये, आणि त्या नावातच सातारा आहे. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी-जांभळट तुरा, म्हणून वायतुरा.

पुतण्याचा राग मला पटतो, उपाय पटत नाही. ऑर्किडचा शत्रू होता उपटणारा हात. त्याला पहारेकरी पुरतो. वायतुऱ्याचा जीव जांभ्यावरच्या वीतभर पाण्यात. पावसाळा सरला की डबकं आटतं, कंद चिखलात पडून राहतो आणि पुढच्या पावसाची वाट बघतो. त्या डबक्यातून गाडीचं चाक गेलं, किंवा 'पडीक' म्हणून पठार खणलं, की तारेचं कुंपण काय राखणार? कासला निदान नाव तरी आहे, युनेस्कोचा शिक्का आहे. शेजारच्या बिननावाच्या पठारांसाठी आमच्या ग्रुपवर कुणी भांडत नाही, मीसुद्धा नाही.

काल पुतण्याला एवढंच विचारलं, "परवा कासला गेलास तेव्हा गाडी कुठे लावलीस?" टिका निळ्या झाल्यात. उत्तर अजून यायचंय.