पगार साडेसव्वीस, खर्चायचे पंधरा हजार

पैसे कसे वाचवावेत हे सांगणारं रील हल्ली रोज कुणीतरी पाठवतं. पन्नास-तीस-वीस. पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला. सांगणारा पोरगा जेमतेम पंचविशीतला, मागे पुस्तकांचं कपाट, आणि हौसेच्या तीस टक्क्यांत त्याने थायलंड बसवलेलं. माझा त्या सूत्रावर राग नाही. पण घर महिन्याच्या महिन्याला चालतं असं त्यात धरून चाललेलं असतं. आमच्याकडं पगार तेवढा महिन्याला येतो, खर्च पंचांग बघून येतो. चैत्रात यात्रा, वैशाखात चटणी आणि लग्नं, जूनमध्ये शाळा, भाद्रपदात गौरी-गणपती, मग दिवाळी, आणि मार्च आला की घरपट्टीवाला दारात.

आता आकडे मांडते, कारण आकड्यांशिवाय काटकसरीवर बोलणं म्हणजे कीर्तन होतं. आम्ही कराडात राहतो. आम्ही दोघं, आठवीतला पोरगा आणि सासूबाई. घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यामुळे भाडं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे भाड्याने राहणाऱ्यांनी पुढचा हिशेब वाचून स्वतःला उगाच दोष देऊ नये. नवऱ्याला वर्कशॉपमध्ये सतरा हजार, मला पतसंस्थेत साडेनऊ. मिळून २६,५००, वर्षाचे ३ लाख १८ हजार. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीत माणशी महिन्याचा सरासरी खर्च शहरात ६,९९६ आणि खेड्यात ४,१२२ रुपये निघाला होता. चार माणसं, बारा महिने असं गुणलं तर शहराचे साधारण ३ लाख ३६ हजार आणि खेड्याचे १ लाख ९८ हजार होतात. आम्ही शहराच्या सरासरीच्या जरा खाली. गरीब म्हणवून घ्यायचा आम्हाला हक्क नाही, आणि निवांत म्हणावं तर तसंही नाही.

महिन्याच्या यादीत कधीच न येणारे, पण वर्षातून एकदा-दोनदा हमखास येणारे खर्च मी वेगळ्या वहीत लिहिले. धान्य, डाळी, चटणीचं सामान आणि तेलाचे डबे मिळून २५ हजार. शाळा, म्हणजे फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट: २२ हजार. गणपती आणि दिवाळी १८. गावची यात्रा ६. लग्नांचे आहेर आणि त्यासाठीचं जाणं-येणं १२. आरोग्यविमा, नवऱ्याचा टर्म विमा आणि गाडीचा विमा २४. घरपट्टी-पाणीपट्टी साडेतीन. दवाखाना १५, आणि कौलं, मोटर, गाडीचा टायर असलं काहीबाही १०. बेरीज १ लाख ३५ हजार ५००. बाराने भागा, महिन्याला साधारण ११,३०० येतात.

म्हणजे आमचा पगार साडेसव्वीस हजार नाहीच. खर्चायला १५,२०० आहेत. बाकीचे आधीच कुणाचे तरी आहेत, फक्त ते मागायला अजून आलेले नाहीत. हे कळलं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. पण वर्षाचं बजेट म्हणजे एवढंच काम आहे. सिलिंडर, दूध, माळवं, मोबाईलचा रिचार्ज, पेट्रोल, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं पंधरा हजार दोनशेत बसवायचं. महिनाअखेर खात्यात दिसणारे बाकीचे पैसे आपले समजायचे नाहीत.

मी काउंटरवर बसते म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. जूनचा पहिला पंधरवडा आला की सोनेतारणाला गर्दी होते. मंगळसूत्राच्या वाट्या, कानातलं, पोरीच्या बारशातली अंगठी. यातलं कुणी उधळं नसतं. वर्षभर जपून राहिलेली माणसं असतात, पण शाळेची फी दरवर्षी जूनमध्येच येते हे महिन्याच्या हिशेबात कुठं मावत नाही. आणि सोनं असणारे तरी सुटतात. ज्यांच्याकडं तेही नाही ते बाहेरून महिन्याला शेकडा तीनने उचलतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दहा हजार घेतले आणि दिवाळीच्या बोनसवर फेडू म्हणून पाच महिने थांबले, तर दीड हजार नुसतं व्याज. तेवढ्यात पोराचे बूट, दप्तर आणि वह्या येतात.

इथं मला रीलवाल्यांपेक्षा आपल्याच पाहुण्यारावळ्यांशी भांडायचं आहे. 'आमच्या वेळी वर्षाचं धान्य भरायचो, आता पोरींना पाच-पाच किलो आणायची सवय' असं म्हणणाऱ्या मावश्या-काकू सगळ्यांकडं असतात. मी अजूनही भरते. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की लोकवन दीड पोतं, शाळू एक पोतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलं की किराण्यापेक्षा किलोमागं पाच-सहा रुपये वाचतात. एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत ठेवलं की वर्ष जातं. आता यात वाचतं किती? दीडशे किलो गव्हाला सहा रुपयांनी नऊशे. एका सिलिंडरच्या आसपास. बरं आहे, पण त्यासाठी एप्रिलमध्ये रोख पैसे एकदम हातात लागतात, आणि तेव्हाच यात्रेचाही खर्च असतो.

ज्याच्या हातात तेवढी रोकड नाही, तो पाच किलोच आणणार. तेही ज्या दुकानात त्याची उधारीची वही आहे तिथूनच. मंडईत डाळ किलोला दहा रुपयांनी स्वस्त आहे हे त्याला माहीत असतं, पण मंडईत खातं चालत नाही. अशा माणसाला काटकसर शिकवायला जाऊ नये. तो आपल्यापेक्षा जास्त काटकसरी असतो आणि त्याच डाळीला आपल्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. विम्याचा वर्षाचा हप्ता एकदम भरणारा कमी भरतो, महिन्याला भरणारा जास्त. घरपट्टी मुदतीआधी भरणाऱ्याला बऱ्याच नगरपालिका सवलत देतात, उशिरा भरणाऱ्याला शास्ती लागते. स्वस्तात जगायलाही आधी थोडं भांडवल लागतं. (शाम्पूचं मात्र उलटं आहे. रुपया-दोन रुपयांची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा मिलीमागं स्वस्त पडते. पाठीमागचं वजन वाचून भागाकार करून बघा. तेलाच्या पिशवीचंही बघा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण आता त्याच आकाराच्या दिसणाऱ्या ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही रॅकवर असतात.)

आमच्या गल्लीतल्या बायकांनी यावर काढलेली तोड मला कुठल्याही ॲपपेक्षा हुशारीची वाटते. लाडकी बहीणचे दीड हजार त्यांना मिळतात. आमचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर, त्यामुळे मला नाही. तर दहा जणींनी त्याची भिशी लावली. दर महिन्याला एकीला पंधरा हजार. दीड हजार महिन्याला आले की कुठं जातात ते कळत नाही, पंधरा हजार एकदम आले की त्यांचा गहू होतो, शाळेची फी होते. मे-जूनच्या नंबरासाठी भांडणं नकोत म्हणून ते दोन नंबर शाळेतली पोरं असणाऱ्यांना आधीच दिले, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सरकारी हप्ता मागंपुढं झाला की भिशीही लांबते, हा त्यातला तोटा.

आता चटणीबद्दल. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा तळायचा आणि सगळं घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवर, नंबर लावायचा. मे महिन्यातले चार-पाच दिवस यात जातात, आणि ते फक्त घरातल्या बाईचे जातात. काटकसरीच्या सगळ्या हिशेबांत बाईच्या वेळेची किंमत शून्य धरलेली असते. घरचे पापड स्वस्त पडतात कारण लाटणाऱ्यांना कुणी मजुरी देत नाही. म्हणून मी वाटणी केली. चटणी घरची, कारण विकतच्या चटणीने आमच्या आमटीची चव जाते. पापड, कुरडया, सांडगे बचत गटाकडून. जास्तीचे सात-आठशे जातात, जाऊ देत. त्या बायकांनाही दिवाळी असते. सासूबाईंना हे पटलेलं नाही, त्या अजून दरवर्षी गच्चीकडं बघून सुस्कारा टाकतात.

चहा बंद करा, पेपर बंद करा, हे सल्ले मला चिडवतात. टपरीवरचा दहाचा चहा रोज घेतला तर वर्षाचे ३,६५० होतात, खोटं नाही. पण वर्कशॉपमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचा तो एकुलता एक बसायचा वेळ आहे. त्याला हात लावण्याआधी मी विजेच्या बिलाकडं बघितलं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं आणि १०१ ते ३०० यांच्या दरात जवळपास दुपटीचा फरक आहे. (शंभरावर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर.) जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०-३५. चाळीस वॅटचा फरक धरला, रोज पंधरा तास, वर्षाचे तीनशे दिवस, तर एका पंख्यामागं १८० युनिटं. वरच्या टप्प्यातली युनिटं वाचत असतील तर दोनेक वर्षांत पंखा फुकट पडतो. पण तिथंही आधी अडीच-तीन हजार एकदम लागतातच. आम्ही एका दिवाळीला एकच बदलला, सासूबाईंच्या खोलीतला.

दवाखान्याच्या रकमेला मी कात्री लावत नाही, फक्त गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणते. डॉक्टरांना विचारून, औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. बीपी-शुगरच्या गोळ्यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो. आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, त्यामुळे यंदा हप्ता जरा हलका आला. महात्मा फुले योजनेतलं पाच लाखांचं संरक्षण आता रेशनकार्ड असणाऱ्या सगळ्यांना आहे. आपल्या गावातलं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवा. मी फ्रिजवर चिकटवलंय.

जिथं मला हार खावी लागते ती जागा म्हणजे आहेर. आमच्याकडं आहेराची वही आहे, आमच्या लग्नात कुणी किती दिले ते त्यात लिहिलेलं. पंधरा वर्षांपूर्वी २५१ देणाऱ्याच्या पोरीच्या लग्नात आज २५१ देता येत नाहीत. किती द्यायचे यावर आमच्यात दर लग्नसराईत वाद होतो. 'आहेर आणू नये' असं छापलेल्या पत्रिकेच्या लग्नालाही नवरा पाकीट खिशात घेऊनच जातो. यात्रेचंही तसंच. पाव्हणे किती येणार हे खंडोबाला ठाऊक, मटणाचा आकडा मी वहीत अंदाजानेच लिहिते. हे सहा आणि ते बारा हजार निम्मे केले तर पंखे, दप्तर सगळं निघतं, हे कागदावर मलाही दिसतं. पण नवरा अंथरुणावर पडून होता त्या महिन्यात डबे याच माणसांनी आणले होते. त्याचा हप्ता कुठल्या कंपनीत भरतात मला माहीत नाही.

सुरुवात कधी करावी, असं विचारलंत तर दिवाळीनंतर लगेच. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. हिशेबाला मर्यादा असते त्यामुळे पूर्ण पगाराएवढा मिळेलच असं नाही, पण मिळेल तो फराळ आणि कपडे भागवून उरलेला थेट एप्रिलच्या धान्याला लावायचा. पहिल्या वर्षी तेवढं एकच जमलं तरी चालतं. दुसऱ्या वर्षी शाळा धरायची. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे जमा करायची ठेव, लावायची असेल तर लावा, मात्र मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज जातं आणि वर कापूनही घेतात. आणि पतसंस्थेत नोकरी करूनही सांगते, सगळे पैसे पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. पतसंस्थेला ते नाही. आमचे साहेब ही पोस्ट वाचत नसावेत अशी आशा आहे.

पोराची दहावी दोन वर्षांवर आली आहे. क्लासची फी कुठून काढायची, त्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे. कुणाकडं क्लासशिवाय दहावी नीट पार पडली असेल तर सविस्तर लिहा, वाचतेय. आणि शाळूचा भाव तुमच्याकडं काय चाललाय तेही सांगा.