‘पासून’ दिसलं की ‘हॅज बीन’? कुणी सांगितलं?

माझ्या दहावीतल्या भाचीने ग्रुपवर फिरणारा एक मेसेज वहीत उतरवून घेतलाय. इंग्रजीतला चालू पूर्ण वर्तमानकाळ (प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस) पाच मिनिटांत! वाक्यात ‘पासून’ दिसलं की ‘हॅज बीन’ किंवा ‘हॅव बीन’ लावा, क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडा, ‘पासून’ला डोळे झाकून ‘सिन्स’ लिहा. बोलताना हा काळ कुणी वापरत नाही, म्हणून वाक्यं पाठ केली की झालं.

आता वही बघा. ‘सोमवारपासून परीक्षा सुरू होणार आहे.’ खाली तिचं इंग्रजी: ‘द एक्झाम हॅज बीन स्टार्टिंग सिन्स मंडे.’ पोरीने नियम तंतोतंत पाळलाय. अहो, परीक्षा अजून व्हायची आहे! तिथे साधं ‘विल स्टार्ट ऑन मंडे’ हवं. ‘लहानपणापासून ओळखते’ यातही ‘पासून’ आहे, पण ‘नो’ला आयएनजी लागत नाही, ‘आय हॅव नोन हर’ म्हणायचं.

उलट ‘पासून’ नसतानाही हा काळ लागतो, त्याचा मेसेजला पत्ताच नाही. रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ १९८५ पासून जगभर वापरलं जातंय. त्यात ओल्या जमिनीचं उदाहरण आहे: पाऊस थांबलाय, पण जमीन ओली आहे, म्हणून ‘इट हॅज बीन रेनिंग’. आपण म्हणू, ‘पाऊस पडत होता वाटतं.’ डोळे लाल दिसले की विचारतो, ‘रडत होतीस का?’ तेही ‘हॅव यू बीन क्राइंग?’ क्रिया नुकतीच थांबलीय, खूण समोर आहे. यात ‘पासून’ कुठे आलं?

‘सिन्स’चं तर सरळ आहे. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती वेळ गेला ते सांगायचं तर फॉर. ‘दोन वाजल्यापासून’ला सिन्स, ‘दोन तासांपासून’ला फॉर.

‘आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, हे मान्य. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात आणि बोलण्यात चार निकषांपैकी एक व्याकरणाचा असतो, तिथे ते चूकच ठरतं. आणि कुणी वापरत नाही म्हणे! ‘व्हॉट हॅव यू बीन डूइंग?’ हे इंग्रजी बोलणाऱ्या घरांत रोजचं आहे.

भाचीचं पाठांतर मी थांबवलंय. समोर दिसेल त्यावरून वाक्य करायचं: हाताला कणीक लागलीय, तर ती काय करत होती? मेसेज पाठवणाऱ्यांनी निदान ‘सिन्स’चा नियम दुरुस्त करून त्याच ग्रुपवर टाकावा, आणि तोही बोर्डाच्या परीक्षेआधी.