आजची मजल

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं, हे आमच्या घरात दहा मिनिटांत ठरलं. रोज किती मैल जायचं, हे परत आल्यावरही ठरलेलं नाही.

माझ्या बाजूनं एक्सेल होतं. अंतर साधारण साडेनऊशे मैल, रजा नऊ दिवसांची. तीन दिवस जायला, तीन तिथं, तीन यायला. पहिल्या दिवशी विनेमक्का, ३९५ मैल. दुसऱ्या दिवशी ट्विन फॉल्स, २९० मैल. तिसऱ्या दिवशी २६५ मैल आणि पार्कचं दार. रकान्यांना मी रंगही दिले होते.

बायकोनं ते रंग पाहिले आणि ऑफिसातून आणलेला नियम टेबलावर ठेवला. मोटरहोमवाल्यांमध्ये म्हणे ३३०चा नियम असतो: ३३० मैल झाले किंवा दुपारचे साडेतीन वाजले, जे आधी होईल तिथं थांबायचं. काही लोक याहून सोवळे, त्यांचा तीन-तीन-तीन. तीनशेच्या वर मैल नाहीत, तीनच्या आत मुक्कामी आणि एका जागी तीन रात्री. "तीन-तीन-तीन केलं तर आपण यलोस्टोनला पोचू तेव्हा माझी रजा संपून नोकरीही संपलेली असेल," मी म्हणालो. तिनं उत्तर दिलं नाही. नियमाला उत्तराची गरज नसते.

त्याच महिन्यात आई-बाबा कोल्हापूरहून आलेले. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे गाड्या चालवण्यात नव्हे, गाड्या उशिरा का आल्या हे विचारण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी ३३० मैलांचे किलोमीटर केले. पाचशे एकतीस. "म्हणजे कोल्हापुरातनं निघून मुंबई गाठायची आणि उलटं पुण्याला येऊन झोपायचं. एकाच ड्रायव्हरनं?" मग त्यांनी गाडीच्या करारात बोट घातलं. भाड्यात दिवसाला शंभर मैलच धरलेले, वरच्या मैलांचे वेगळे पैसे. "बघ, गाडीचा मालक स्वतः सांगतोय, शंभरच चालव म्हणून."

आईचा हिशोब याहूनही जुना. ती एकदा आळंदीपासून वारीला गेली होती. अडीचशे किलोमीटर, वीसेक दिवस. "रोज कुठनं निघायचं, विसावा कुठं, मुक्काम कुठं, सगळं ठरलेलं. कुणी एक्सेल काढत नाही." दिवे घाट चढून सासवडला पोचलं की पालखी तिथं दोन रात्री राहते, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं. घाट चढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवू नये, एवढी माणुसकी पालखीच्या वेळापत्रकात आहे. आजच्या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. त्यांच्यासमोर माझे रंगीत रकाने कसे टिकणार?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. एक्सेलप्रमाणे सकाळी सातला, घड्याळाप्रमाणे सव्वाअकराला. मधले सव्वाचार तास फ्रिज भरण्यात गेले. गाडीला फ्रिज आहे हे कळल्यापासून आई आणि बायको यांच्यातले सगळे मतभेद मिटले होते. चाळीस पोळ्या, दोन किलो साबुदाणा, कुकर आणि मिरचीचा ठेचा. बाबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, सगळ्या टायरांना लाथ मारून पाहिली, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून खिशातून वही काढली. चार रकाने: निघाले, पोचले, मैल, उशिराचं कारण. पहिली नोंद: "निघाले ११.१५. कारण: पोळ्या."

इथं गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. एकोणतीस फूट लांब, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागं आणखी एक, मध्ये ओटा आणि एक संडास. नकाशावाला फोन जो वेळ सांगतो तो छोट्या गाडीचा असतो. आपल्या गाडीत चढावर मागून भांडी बोलतात, उतारावर पुढून, आणि बाजूनं ट्रक गेला की सगळं घर एक फूट सरकतं. फोनच्या पाच तासांचे आमचे सात होत. शिवाय गॅलनला नऊ मैल. बाबांनी त्याचेही लिटर आणि किलोमीटर केले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. "लिटरला पावणेचार," शेवटी म्हणाले. "आमची एसटी पन्नास माणसं घेऊन याच्या वर द्यायची."

संडासाचा प्रश्न वेगळा. तो गाडीतच असल्यानं थांबे वाचतील, असं माझं गणित. पण आईनं ओटा आणि ते दार यांच्यातलं अंतर हातानं मोजलं. दीड हात. "जिथं पोळी तिथंच ते? मी नाही जायची." त्यामुळे संडास पाठीशी बांधून आम्ही प्रत्येक रेस्ट एरियाला थांबत गेलो. मी फार विरोध केला नाही. टाकीतलं काळं पाणी मुक्कामी पाइप लावून सोडायचं काम करारानुसार माझं होतं, आणि त्या बाबतीत आईचं सोवळं माझ्या सोयीचं होतं.

सॅक्रामेंटो ओलांडून सिएरा नेवाडा डोंगरांचा चढ लागला. साडेतीन वाजले तेव्हा आम्ही डोनर पासच्या अलीकडे घुरघुरत होतो आणि बायकोनं फोनचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. "जे आधी होईल ते." घाटात थांबायला जागा नव्हती म्हणून मी वाचलो. पुढं ट्रकीला डोनर पार्टीचं स्मारक आहे, तिथं उतरलो. बैलगाड्या घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेली माणसं, १८४६ सालची. शॉर्टकट म्हणून नवी वाट धरली, त्यात उलट वेळ गेला, आणि हिवाळ्यानं त्यांना इथं गाठलं. बर्फात अडकलेल्यांपैकी जवळपास निम्मे मेले, आणि जगलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन दिवस काढले. मी हे मराठीत वाचून दाखवल्यावर सगळे गप्प झाले. मग बाबा हळूच म्हणाले, "निघायला उशीर आणि शॉर्टकट. दोन्हीही कंट्रोलरला न विचारता." आईनं गाडीत जाऊन पोळ्या मोजल्या.

पहिला मुक्काम रीनोजवळ. २३५ मैल. एक्सेल १६० मैल मागे.

दुसऱ्या दिवशी ती तूट भरून काढायची असं मी मनाशी ठरवलं, आणि दौऱ्यातली सगळी शोभा या एका वाक्यातून निघाली. नेवाडात रस्ता सरळ, माणूस नाही, चहा नाही. बराच वेळ हंबोल्ट नदी सोबत असते. ही नदी समुद्राला जातच नाही, वाळवंटात एका खोलगट जागेत जिरून संपते. तिच्याच काठानं जुन्या बैलगाड्या जात, दिवसाला पंधरा मैलांच्या आसपास. बाबांना हे फार आवडलं. "बैल थकला की मुक्काम. ह्या गाडीला बैल असता तर काल घाटातच बसला असता."

एल्कोला पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि २९० मैल झाले होते. नियम पाळायचा तर इथंच थांबायचं. बायकोच्या चेहऱ्यावर विजय होता. पण मी आदल्या रात्री गुपचूप जॅकपॉटला जागा सांगून ठेवली होती. जॅकपॉट हे आयडाहोच्या हद्दीवरचं कसिनोचं गाव, एल्कोहून एकशेवीसेक मैल. "दोन तास! पाचला पोचू, पाचला!" मी म्हणालो. वेळेची भाषा काढली की बाबा मऊ पडतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. "चहा घेऊन निघू," ते म्हणाले. चहा घेऊन चार वाजता निघालो.

वारा समोरून होता. ताशी पन्नासला गाडी थरथरायला लागायची. वेल्सला आईसाठी थांबलो. मग उत्तरेचा, जायला-यायला एकेकच लेन असलेला रस्ता, आणि माझ्या मागं पाच-सहा गाड्यांची वरात. जॅकपॉटच्या पाट्या दिसल्या तेव्हा डॅशबोर्डवर सहा चाळीस झाले होते. फार नाही, उजेड आहे, असं म्हणतोय तोच फोन सात चाळीस दाखवायला लागला.

जॅकपॉट नेवाडात असलं तरी घड्याळ आयडाहोचं पाळतं, कारण गिऱ्हाईक तिकडचं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की एक तास गेला आणि त्याच्याबरोबर सूर्यही. बाबांनी दोन्ही घड्याळं पाहिली. आयुष्यात कुठलाच ड्रायव्हर त्यांच्यासमोर असलं कारण घेऊन आला नव्हता. पेन वहीवर टेकवून त्यांनी विचारलं, "हा तास कुणाच्या नावावर टाकू?"

कॅम्पचं ऑफिस बंद. दारावर पाकिटात आमचं नाव आणि जागेचा नंबर. जागा उलटी घालायची होती, आणि मी ती गाडी तोवर एकदाही उलटी घातली नव्हती. अंधारात बायको उजवीकडून फोनचा टॉर्च हलवत होती, आई डावीकडून कणकेचा डबा. बाबा गाडीच्या मागं गेले आणि त्यांच्यातला स्टँड जागा झाला. "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या…" आणि हातानं पत्र्यावर धाडधाड. एक थाप म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, असं मला वाटत होतं. त्यांच्या डेपोत बहुतेक उलटं असावं. शेजारच्या गाडीतून एक अमेरिकन आजोबा चड्डीवर बाहेर आले, दोन मिनिटं हा सोहळा पाहिला, आणि न विचारता मागं जाऊन बाबांबरोबर तेही पत्रा बडवायला लागले. गाडी लागली. दोघांनी हात मिळवले. भाषा वेगळी, पण माझ्याबद्दलचं मत दोघांचं एकच असणार.

मग जमीन उतरती निघाली. गाडी तिरकी असली की हिचा फ्रिज नीट चालत नाही, म्हणून चाकाखाली पिवळे प्लॅस्टिकचे ठोकळे घालून ती सपाट करायची असते. मी दोन घातले, उतरलो, पाहिलं, एक काढला. साडेनऊला आई म्हणाली, "बाळा, राहू दे. मी उशाकडं पाय करते."

वहीतली नोंद मी दुसऱ्या दिवशी चोरून वाचली. "मैल ४१०. पोचले ७.४० किंवा ६.४०. कारण: हाव."

तिसऱ्या दिवसापासून वेळापत्रक बाबांकडे गेलं. ठराव झाला नाही, मतदान झालं नाही, सकाळी त्यांनी चहा पिता पिता एक बोट वर केलं आणि म्हणाले, "काल जादा ड्युटी झाली. आज ट्विन फॉल्स." ट्विन फॉल्स तिथून ४७ मैल. मी एक्सेल उघडायला गेलो तर बायको म्हणाली, "अरे, सासवडला दोन रात्री असतात." ३३०चा नियम सोडून ती कधी वारीत सामील झाली, मला कळलंच नाही.

ट्विन फॉल्सला शोशोनी धबधबा आहे, २१२ फूट, नायगाऱ्याहून उंच. ते ऐकून आईनं पदर खोचला. काठावर जाऊन बघतो तर कडा जागेवर, पाणी शेताला. उन्हाळ्यात स्नेक नदीचं पाणी पाटबंधाऱ्याकडं वळवतात, त्यामुळे सप्टेंबरात कड्यावरून जे पडत होतं ते आमच्या टाकीतून सोडलं असतं तरी चाललं असतं. "बरं झालं लवकर पोचलो," आई म्हणाली, "उशिरा आलो असतो तर एवढंही नसतं." पण बाकीचा दिवस छान गेला. दुपारी चारला सगळे झोपलेले, मीही. मोटरहोममध्ये दुपारी झोपता येतं, ही सोय मला तोपर्यंत कुणी दाखवली नव्हती. तिचं भाडं मात्र मी तीन दिवस भरत होतो.

चौथ्या दिवशी आयडाहो फॉल्स, १६० मैल, आणि गाडी दोन वाजता लागलेली. पाचव्या दिवशी एकदाचे पार्कच्या पश्चिम दारातून आत शिरलो. एक्सेलप्रमाणे तोवर आमचं निम्मं यलोस्टोन बघून व्हायला हवं होतं. आमची जागा फिशिंग ब्रिजला. अस्वलांमुळे तिथं तंबूला बंदी, पक्क्या भिंतींच्या गाड्याच राहू देतात. पश्चिम दारापासून ५६ मैल, जास्तीत जास्त ४५चा वेग. दीड-पावणेदोन तास, मी धरून चाललो. शेवटचं धरून चालणं.

हेडन व्हॅलीत गाड्यांची रांग थांबलेली. पुढं रस्त्यावर बायसन. एक मोठा नर मधोमध उभा, बाकीचे त्याच्या सावलीत रेंगाळलेले. पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम आहे, पण तो बायसनला कुणी सांगितलेला नाही. एक तर आमच्या आरशात नाक घालून गेला.

दहा मिनिटं. वीस. मी नकाशा बघत होतो, परतीचे साडेनऊशे मैल आणि उरलेले दिवस यांचा भागाकार करत होतो. उत्तर दरवेळी तेच यायचं आणि दरवेळी बायको ते वाचायची. बाबा काहीच बोलत नव्हते. मग म्हणाले, "दाजीपूरच्या रस्त्याला गवा आडवा आला की ड्रायव्हर इंजिन बंद करायचे. आमच्याकडनं कधी विचारणा व्हायची नाही."

मी इंजिन बंद केलं.

मागून खुडबूड ऐकू आली. आईनं गॅस लावला होता. यलोस्टोनच्या भर रस्त्यात, पुढं-मागं पन्नास गाड्या आणि मध्ये बायसन असताना, आलं ठेचल्याचा वास आला. पुढच्या गाडीतल्या पोरांनी मागच्या काचेला नाक लावलं. बाबांनी वही काढली आणि लिहिलं: "थांबा: चहा."

मग खिडकीतून त्या नराकडे नीट बघून मागं वळून म्हणाले, "अगं, अर्धा कप अजून टाक. हा लवकर हलत नाही."